सह्याद्रीचा पाऊस विसरा, मग विशनसरला गळ टाका

काश्मीर ग्रेट लेक्स या तळ्यांच्या ट्रेकची तयारी सुरू झाली की कोणी ना कोणी विचारतंच: वाटेतल्या विशनसर तळ्यात ट्राउट मासे आहेत ना, मग कोणता रॉड घेऊ? माझ्या मते हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा. पहिला प्रश्न हवामानाचा, दुसरा दिवसांचा. आपल्याकडचे भले भले ट्रेकर तिथे गारठतात, कारण त्यांना पावसाची सवय आहे. ती सवयच नडते.

राजमाचीला भिजलं तर गंमत असते. हवा बावीस-तेवीस अंश, खाली उतरलं की चहा-भजी. विशनसर साधारण 3,700 मीटरवर आहे आणि श्रीनगर 1,600 च्या आसपास. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले, तर श्रीनगरला 25 असताना तळ्यावर जेमतेम 11 ते 12. हा हिशोब कोरड्या, शांत हवेचा. त्यात पाऊस आणि निचनई खिंडीकडून येणारा वारा मिळवा. ओला कॉटनचा टी-शर्ट घालून काठावर तासभर उभं राहणं म्हणजे हायपोथर्मियाला, म्हणजे अंगाची ऊब धोकादायकरीत्या घटण्याला, आमंत्रण. आणि गळ टाकणारा माणूस तासभर उभाच असतो! चालणाऱ्याला अंगातली ऊब तरी मिळते. म्हणून कॉटन घरी ठेवा. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर शिवणी सीलबंद असलेलं जॅकेट आणि पँट. पोंचो नको. वाऱ्यात तो उडतो आणि लाइन त्यातच अडकते. बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे हवेतच, कारण बधिर बोटांनी 0.15 मिलिमीटरच्या दोऱ्याला गाठ बसत नाही. चार-पाच लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा) तंबूतच फ्लायसकट (किड्यासारखा दिसणारा बनावट गळ) बांधून ठेवा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर दोरा घासून तापतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो.

आता वेळेचं. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा ट्रेक होतो. पीर पंजालच्या आडोशामुळे इथे आपल्यासारखा मान्सून कोसळत नाही, पण दुपारचे गडगडाट ठरलेले. सकाळी ऊन डोंगर तापवतं, ओलसर हवा वर चढते, अकराच्या सुमारास कड्यांमागे फुलकोबीसारखे ढग दिसू लागतात. ते उंचीला वाढत असतील तर दुपार हातची गेली समजा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, आला तर गोष्ट वेगळी, दोन-दोन दिवस उघडत नाही आणि सप्टेंबरात बर्फही पडतो. सोनमर्ग सोडल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा अंदाज खालीच बघून घ्या. वर गेल्यावर घोडेवाल्याचं ऐका. ‘आज लवकर निघू’ असं तो म्हणाला तर वाद घालू नका.

विजेबद्दल एकच नियम, त्यात हयगय नको. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. रॉड खाली ठेवा, काठापासून आणि डोंगरधारेपासून लांब व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं रॉडला हात लावायचा नाही. ग्राफाइटचा रॉड वीज वाहून नेतो, आणि उघड्या कुरणात नऊ फुटी रॉड धरलेला माणूस हाच सगळ्यात उंच खांब असतो.

एवढं पटलं असेल तर रॉड: नऊ फुटी, 5 वेट (रॉड किती जड लाइन पेलतो तो नंबर), चार तुकड्यांचा. फ्लोटिंग वेट-फॉरवर्ड लाइन, म्हणजे तरंगणारी आणि पुढच्या टोकाला जड. 4 वेट हातात छान लागतो, पण तिथल्या वाऱ्यात त्याचा निभाव लागत नाही. पाणी आरशासारखं असेल तर बारा फुटी लीडर आणि 5एक्स टिपेट (लीडरचं सगळ्यात बारीक टोक; एक्सचा आकडा मोठा तितका दोरा बारीक), वारा असेल तर साडेसात ते नऊ फूट आणि 4एक्स. वाऱ्यात लांब लीडर स्वतःच गाठी मारून घेतो, आणि अशी एक गाठ दोऱ्याची निम्मी ताकद खाते. फ्लायच्या डबीत ऑलिव्ह वूली बगर (पाण्याखाली ओढायची फ्लाय) 8-10 नंबर (नंबर मोठा तितका गळ लहान), कायरोनॉमिड (डासासारख्या किड्याची नक्कल) 14-16, अॅडम्स आणि मुंगी या तरंगणाऱ्या फ्लाय 14-16. बाकी सगळी हौस.

वारा उजव्या खांद्यावर येत असेल आणि तुम्ही उजवे असाल तर फ्लाय तुमच्या कानाकडे येणार. जागा बदला, नाहीतर पाठ फिरवून मागच्या फेकीवरच (बॅककास्टवर) टाका. चष्मा काढायचा नाही.

थोडा वारा मात्र आपला मित्र. बारीक लाटा उठल्या की माशाला काठावरचा माणूस नीट दिसत नाही. शिवाय वारा किडे एका काठाकडे ढकलतो, ट्राउट तिथेच फेऱ्या मारतात. थेट पाण्यात पाय घालू नका. आधी काठापासून तीन-चार मीटर मागे थांबून बघा. फिकट पाणी गडद निळं होतं ती कड, ओढा तळ्यात शिरतो ते तोंड, आणि पावसानंतर गढूळ व स्वच्छ पाण्याची शीव, या तीन जागा. मासा दिसला तर त्याच्या वाटेत दोन-तीन मीटर पुढे टाका, डोक्यावर नाही. दिसत नसेल तर बगर टाकून तो खाली जाईपर्यंत, म्हणजे दहापर्यंत मोजा, मग वीतभर ओढ, थांबा, पुन्हा ओढ. काही नाही लागलं तर वीसपर्यंत मोजा.

हे ब्राउन ट्राउट मूळचे इथले नाहीत. 1900 च्या सुमारास ब्रिटनहून अंडी आणून काश्मिरात त्यांची पैदास सुरू झाली. थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो, म्हणून माझा आग्रह पकडलेला मासा पाण्यात परत सोडण्याचाच. गळाच्या टोकामागचा उलटा काटा फोर्सेप्सने दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नका. फोटोसाठी गवतावर ठेवणं तर अजिबात नको.

मत्स्य विभागाचा परवाना श्रीनगरलाच घ्या. कोणत्या पाण्यासाठी आणि कोणत्या तारखेचा आहे तेही वाचा, कारण पावसाने मुक्काम एक दिवस पुढे सरकला तर तारीख चुकते. म्हणूनच ऑपरेटरला पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: विशनसरला एक पूर्ण दिवस मोकळा आहे का, की निचनई उतरून संध्याकाळी चारला पोचायचं आणि सकाळी पुढच्या गडसर तळ्याकडे निघायचं? दुसरं उत्तर आलं तर रॉडचं ओझं नेऊ नका.