माझगाव डॉकची ‘थेट भरती’: खरं काय?
‘वेल्डर, फिटरचा आयटीआय झालाय? ३ हजार भरा, माझगाव डॉकमध्ये कायम नोकरी, परीक्षा नाही’ हा मेसेज सध्या सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडेच तो चौघांकडून आला. खोटा आहे.

माझगाव डॉक ही मुंबईतली जहाजबांधणी कंपनी. ती अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेते ते ऑनलाइन परीक्षा घेऊन. आठवी, दहावी आणि आयटीआय पास असे वेगळे गट असतात. आणि ही नोकरी नव्हेच. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचं ते प्रशिक्षण. महिन्याला विद्यावेतन मिळतं, पण मुदत संपल्यावर कामावर ठेवायलाच हवं असं बंधन कंपनीवर नाही.

त्याच मेसेजची शेपटी: ‘जहाजाचं वेल्डिंग समुद्राकाठीच शिकता येतं.’ काहीतरीच! टेबलावरची आडवी प्लेट कुणीही जोडेल. जहाजात उभ्या आणि डोक्यावरच्या जोडांवर हात बसलेला लागतो. ठिणग्या थेट कॉलरमध्ये पडतात. वेल्डरचा हात तपासणाऱ्या पाइपच्या सिक्स-जी चाचणीत पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. हा सराव अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्येही करता येतो. ३ हजारांचे रॉड घ्या त्यापेक्षा.