उंचवटा राहू द्या, दाखला आणा

आज दुपारी ग्रंथालयात एका गृहस्थांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि म्हणाले, "हात लावून बघा." डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, हाडाचा उंचवटा. या उंचवट्यावरून आपण मेलंजन, म्हणजे मूळचे तुर्क, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मित्रांनो, तुम्हीही आत्ता डोक्यामागे हात फिरवून बघा. लागला ना हाताला? जगातल्या सगळ्या वंशांच्या माणसांना तो असतो.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या ईशान्य भागात हॅनकॉक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) न्यूमन्स रिज नावाची डोंगररांग आहे. तिथे आणि शेजारच्या व्हर्जिनिया, केंटकीच्या डोंगरात कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, बंच, मलिन्स अशी काही घराणी राहत आली. धड गोरी नाहीत, धड काळी नाहीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'मेलंजन' म्हटलं, आणि ते हिणवायलाच. व्हर्जिनियातल्या स्टोनी क्रीक चर्चच्या १८१३ च्या नोंदवहीत हा शब्द सापडतो. तेव्हापासून यांचे पूर्वज कोण कोण ठरवून झाले! प्राचीन काळचे दर्यावर्दी फिनिशियन, बुडालेल्या जहाजातले पोर्तुगीज, सोळाव्या शतकात नाहीशी झालेली इंग्रजांची रोआनोक वसाहत, तुर्क. आफ्रिकन सोडून कोणीही चालतं, याचीच मला चीड येते.

कागद काय सांगतात ते ऐका. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरायचं. आफ्रिकन बाप आणि गोरी आई असेल तर मूल स्वतंत्र. अशी स्वतंत्र कुटुंबं अठराव्या शतकात व्हर्जिनियाच्या लुईझा काउंटीतून नॉर्थ कॅरोलायनात फ्लॅट नदीकाठी, तिथून न्यू नदीकडे आणि शेवटी क्लिंच नदीच्या खोऱ्यात सरकत गेलेली जमिनीच्या आणि कराच्या कागदांत दिसतात. २०१२ च्या डीएनए अभ्यासात, जुन्या नोंदींत मेलंजन म्हणून आलेल्या घराण्यांच्या बापाकडच्या रेषा मुख्यतः आफ्रिकेकडे आणि युरोपकडे गेल्या, आईकडच्या युरोपकडे. काही घराण्यांत नेटिव्ह अमेरिकन पूर्वज आहेत, मान्य. १६१९ साली व्हर्जिनियात उतरवलेले आफ्रिकेतल्या अंगोलाचे लोक पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले होते, हेही मान्य. पण त्यातून तुर्क कुठून निघाला?

तरी ज्या आज्या-पणज्या "आम्ही पोर्तुगीज" म्हणत आल्या, त्यांच्यावर मला रागावता येत नाही. १८३४ च्या टेनेसीच्या घटनेने मताचा हक्क फक्त गोऱ्यांना ठेवला, आणि पुढच्या दशकात याच डोंगरातल्या माणसांवर बेकायदा मतदानाचे खटले भरले गेले. मत, जमीन, लग्न, मुलांची शाळा, सगळं एका शब्दावर टांगलेलं. 'पोर्तुगीज' म्हटलं की सावळ्या रंगाचं कारण देता यायचं आणि घर वाचायचं. मीही तेच म्हटलं असतं.

पण आजच्या माणसावर कुठला खटला आहे? १९४३ मध्ये व्हर्जिनियाचा जन्म-मृत्यू नोंदणीचा रजिस्ट्रार वॉल्टर प्लेकर याने काउंटीवार आडनावांची यादी पाठवली, हे लोक गोरे म्हणून नोंदवले जाऊ नयेत म्हणून. आज लोक तसल्याच याद्या उघडतात, आपलं आडनाव शोधतात आणि आनंदाने म्हणतात, आम्ही मेलंजन! अहो, कॉलिन्स हजारोंनी आहेत. आडनाव जुळलं म्हणजे घराणं जुळलं असं होत नाही.

पूर्वज शोधायचं काम उलट दिशेने करायचं असतं. आपल्यापासून मागे, एकेक पिढी, आणि प्रत्येक पायरीला कागद. टेनेसीत १९१४ पासूनचे मृत्यूचे दाखले बऱ्यापैकी मिळतात. त्यावर आईबापांची नावं असतात, पण माहिती कोणी दिली ते आधी बघा. जावयाने दिली असेल तर सासूच्या आईचं नाव चुकलेलं असू शकतं. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली, तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. १८५० आणि १८६० ला रंगाच्या रकान्यात काळ्याला 'बी', मिश्राला 'एम', गोऱ्यासाठी जागा कोरी. एकाच माणसाचा रकाना एकदा 'एम' आणि दहा वर्षांनी कोरा दिसला तर दचकू नका, लिहिणारा बदलला की रंग बदलायचा. १८५० च्या मागे फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, तिथे करयाद्या आणि खरेदीखतं धरा, साक्षीदार आणि बांधाला बांध असलेले शेजारी उतरवून घ्या. 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' म्हणजे बापलेकच असतात असं नाही. एका गावातले थोरला आणि धाकटा, एवढंच कधीकधी.

आणि थुंकीच्या डीएनए चाचणीत अमुक वंशाचे इतके म्हणून येतात ते टक्के! १७०० च्या सुमारास जन्मलेला पूर्वज म्हणजे साधारण नववी पिढी, ५१२ मधला एक, हिशोबाने ०.२ टक्के. तो चाचणीत अजिबात न उतरणं सहज शक्य आहे. बापाची रेषा बघायची तर फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी, तीही ते आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या पुरुषाची. बाईने काकाला किंवा चुलतभावाला विनंती करावी.

त्या गृहस्थांना मी निघताना विचारलं, आजीच्या मृत्यूचा दाखला आहे का? म्हणाले, घरी ट्रंकेत असेल. टोपी घातली आणि म्हणाले, उद्या आणतो.