मानवी हक्कांचा जाहीरनामा पाश्चात्त्यांनी लिहून दिलेला नाही

दरवर्षी १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनी, एक मजकूर समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा अमेरिकेच्या एलेनॉर रूझवेल्ट आणि फ्रान्सचे रने कासँ यांनी लिहिला, त्यातला विचार केवळ युरोपीय आणि ख्रिस्ती परंपरेतला आहे, भारतासारख्या देशांनी त्याला निमूटपणे मान डोलावली आणि पुढे राज्यघटनेतले मूलभूत हक्कही त्यावरूनच उतरवून घेतले. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत चांगली वाचणारी माणसेही असतात, म्हणून त्यातल्या एकेका विधानाचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

आधी लेखकत्वाविषयी. रूझवेल्टबाई मसुदा तयार करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा होत्या आणि त्यांनी मोठ्या चिकाटीने ते काम तडीस नेले, परंतु मसुदा त्यांनी लिहिलेला नाही. पहिला मसुदा १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातले कॅनडाचे कायदेतज्ज्ञ जॉन हम्फ्री यांनी, निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले प्रस्ताव समोर ठेवून, तयार केला. कासँ यांनी त्याची फेरमांडणी केली. त्यांच्या हस्ताक्षरातली प्रत उपलब्ध असल्यामुळे तेच मूळ लेखक असल्याचा समज पसरला आणि १९६८ च्या नोबेल शांतता पुरस्काराने तो पक्का झाला. आयोगाचे सदस्य अठरा होते. उपाध्यक्ष होते चीनचे पेंग-चुन चांग आणि प्रतिवेदक, म्हणजे कामकाजाचा अहवाल मांडणारे, होते लेबनॉनचे तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक. त्यानंतर १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या तिसऱ्या समितीने, म्हणजे सामाजिक प्रश्न हाताळणाऱ्या समितीने, ऐंशीहून अधिक बैठका घेऊन कलमामागून कलम पारखले, आणि त्या समितीचे अध्यक्षही मलिकच होते.

आता विचारांच्या मुळाकडे येतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. चांग हे मूळचे शिक्षक आणि नाट्यकर्मी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, आणि विख्यात चिनी नट मेई लानफांग यांच्या १९३० च्या अमेरिका दौऱ्यात, चिनी रंगभूमी परक्या प्रेक्षकांना उमगावी म्हणून, त्यांनी मार्गदर्शकाची भूमिका निभावली होती. एका संस्कृतीची गोष्ट दुसरीला कशी सांगावी, याचा हा अनुभव मसुद्याच्या कामी आला. पहिल्या कलमात माणसाला विचारशक्ती लाभली आहे, एवढेच म्हटलेले होते. चांग यांनी सुचवले की नुसत्या बुद्धीने माणूसपण पुरे होत नाही, आणि त्यांनी ‘रेन’ ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतली संकल्पना पुढे मांडली. या चिनी अक्षरात ‘माणूस’ आणि ‘दोन’ अशी दोन चिन्हे जोडलेली आहेत. दुसऱ्या माणसाची जाणीव मनात वागवणे, असा त्याचा आशय. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी ‘कॉन्शन्स’ हा जो शब्द आला, तो मूळ अर्थाला थोडा तोकडाच पडतो. मराठी अनुवादातली ‘सदसद्विवेकबुद्धी’ आपण वाचतो, तेव्हा तिच्यामागे ‘रेन’ उभी असते. ख्रिस्ती चौकटीच्या आरोपाला तर कामकाजानेच उत्तर दिलेले आहे: माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला आहे असे शब्द घालण्याचा ब्राझीलचा प्रस्ताव आला असता, जगातल्या मोठ्या लोकसंख्येची श्रद्धा वेगळी आहे, याकडे चांग यांनी लक्ष वेधले आणि तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. जाहीरनाम्यात ईश्वराचा उल्लेख नाही, तो त्यामुळे.

भारताने निमूटपणे मान डोलावली, हे तिसरे विधान मला सर्वाधिक खटकते. आयोगात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांपुढे पिकेटिंग करून त्यांनी तुरुंगवास भोगला होता, आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा या नात्याने स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. इंग्रजी मसुद्यातल्या ‘ऑल मेन’ या शब्दांवर त्यांनी हरकत घेतली. त्या शब्दांत स्त्रिया अध्याहृतच आहेत, असे रूझवेल्टबाईंचे मत होते. हंसाबेन यांना मात्र हे शब्द शब्दशः घेऊन स्त्रियांना वगळले जाण्याची धास्ती होती, आणि ज्या भाषेत ‘माणूस’ म्हटल्यावर पुन्हा ‘बाईमाणूस’ असे वेगळे सांगावे लागते, त्या भाषेच्या वाचकाला ही धास्ती समजावून सांगायला नको. अखेर ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले. मराठीत ते ‘मानवी व्यक्ती’ झाले. पहिले कलम हंसाबेन यांनी एकटीने लिहिले, असेही हल्ली लिहिले जाते. तेही बरोबर नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगानेही हाच आग्रह धरला होता. शिवाय त्याच कलमातले ‘बंधुत्व’, हाही पुरुषवाचकच शब्द, जसेच्या तसे राहिले, हेही नोंदवायला हवे.

तिसऱ्या समितीत भारताच्या लक्ष्मी मेनन यांनी, वसाहतींतल्या लोकांना हे हक्क लागू नाहीत असे सुचवणाऱ्या भूमिकेचा कडाडून विरोध केला. विवाहातल्या समान हक्कांच्या कलमासाठी पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला बोलल्या, तर सामाजिक व आर्थिक हक्क चिलीच्या एर्नान सांता क्रूस यांनी लावून धरले. त्याही आधी, डिसेंबर १९४६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित यांनी महासभेत मांडून ठराव जिंकला होता. (त्यांचे आडनाव त्यांना मराठी घरातून मिळाले, पती रणजित सीताराम पंडित मूळचे कोकणातल्या घराण्यातले.)

राज्यघटनेविषयीचे विधान तारखांपुढेच टिकत नाही. संविधान सभेत मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल एप्रिल १९४७ मध्ये सादर झाला, म्हणजे जाहीरनामा संमत होण्याच्या दीड वर्षाहून अधिक काळ आधी. ज्या उपसमितीत हे हक्क घडले तिच्यात डॉ. आंबेडकरांबरोबर हंसा मेहताही होत्या, आणि त्याच काळात त्या मानवी हक्क आयोगातही काम करत होत्या.

आक्षेपाला खरी जागा आहे ती दुसरीकडे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्य अवघे ५८ होते. आफ्रिका खंडातून इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका एवढेच देश होते, त्यातल्या दक्षिण आफ्रिकेने मतदानात तटस्थ राहणे पसंत केले. उरलेल्या आफ्रिकेला कोणी विचारलेच नाही. हा अन्याय होता आणि तो स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. पण त्यावरून जाहीरनामा त्या लोकांना परका वाटला असे म्हणायचे, तर १४ डिसेंबर १९६० चा वसाहतमुक्तीचा ठराव उघडून पाहावा. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४३ देशांनी मांडलेल्या त्या ठरावाच्या अखेरच्या कलमात, सर्व राष्ट्रांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे निष्ठेने पालन करावे, असे म्हटले आहे. ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या नऊ देशांत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स होते.