ओरडा खाऊन सिस्टर ‘तयार’ होते म्हणे!

आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ‘जुन्या सिस्टर डॉक्टरांचा आणि मेट्रनचा ओरडा खाऊनच तयार झाल्या. आजच्या मुलींच्या डोळ्यांत लगेच पाणी. ओरडल्याशिवाय वॉर्ड चालत नाही. खरा छळ तर सिस्टरच सिस्टरचा करतात. एवढा त्रास असेल तर कायदा आहे, तक्रार करा.’ खाली हात जोडलेले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वॉर्डांत नोकरीची वर्षं काढलेल्या मला हे वाचून गप्प बसवेना.

‘ओरडा खाऊन तयार झाल्या.’ कशाला तयार झाल्या, ते बघू. फुरसं या विषारी सापासाठी आमची किनारपट्टी बदनाम आहे. फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. सिस्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवते, मग नळी तिरपी करून रक्त गोठलंय का ते बघते. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तेच. आता रात्रीचे दोन वाजलेत, हिरड्यांतून रक्त येतंय, सलाईनच्या सुईपाशीही थांबत नाही. डॉक्टर क्वार्टरवर. फोन करायचा की नाही? आदल्या रात्री फोन केला तेव्हा ‘एवढंही कळत नाही? कुठून पास झालीस?’ हे ऐकलेली मुलगी फोन हातात घेते आणि ठेवते. अजून जरा बघू, म्हणते. ते ‘जरा’ रोग्याच्या खात्यातून जातं.

हे मी रडकथा म्हणून सांगत नाही. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतल्या 24 पथकांवर झालेला प्रयोग 2015 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. प्रत्येक पथकात एक डॉक्टर, दोन परिचारिका. समोर पुतळा, पण प्रसंग अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती अचानक बिघडल्याचा. काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाने लागट बोल ऐकवले, बाकीच्यांशी तो नेहमीसारखं बोलला. बोलणी खाल्लेल्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. कारण ती माणसं एकमेकांना माहिती कमी देऊ लागली, मदत कमी मागू लागली. अमेरिकेत 2003 मध्ये परिचारिका, औषधनिर्माते वगैरे दोन हजारांवर लोकांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांनी सांगितलं की आधी खाल्लेल्या दमदाटीमुळे शंकास्पद औषधाबद्दल विचारण्याची आपली पद्धतच बदलली. मेसेजवाल्यांना ही ‘तयारी’ वाटत असेल तर वाटो.

‘ओरडल्याशिवाय वॉर्ड चालत नाही.’ रोग्याचं हृदय थांबलेलं असताना ‘ॲड्रेनालिन, पटकन!’ असा आवाज चढतोच. त्याने कुणी दुखावलेलं मी पाहिलं नाही. राउंडमध्ये नातेवाइकांसमोर ‘बावळट’ म्हणणं ही निराळी गोष्ट. त्यानंतर नातेवाईकही त्या सिस्टरचं ऐकत नाहीत, मग वॉर्ड चालवा!

‘सिस्टरच सिस्टरचा छळ करतात.’ करतात. हे मी नाकारणार नाही. आणि तो आवाज न चढवता होतो. हत्यार म्हणजे ड्युटी लिस्ट. कोकणात गणपतीची रजा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. जी मुलगी परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला, उलट बोलली, तिची चतुर्थीला नाइट लागते. शिमग्याला पुन्हा. विचारलं तर उत्तर तयार, ‘माणसं कुठायत?’ गंमत म्हणजे हे उत्तर खोटंही नसतं. साध्या वॉर्डात सहा रोग्यांमागे एक परिचारिका, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक, हे कागदावरचं जुनं प्रमाण. आमच्याकडे रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर असे. रिकामी पदं भरणं परिसेविकेच्या हातात नसतं, जाब मात्र तिलाच. म्हणून तिने केलेलं माफ होत नाही. पण ‘बायकाच बायकांच्या वैरी’ म्हणून हात झटकले, की पदं न भरणारे नामानिराळे राहतात.

‘कायदा आहे, तक्रार करा.’ कुठला? महाराष्ट्राचा 2010 चा कायदा दवाखान्यातली मारहाण, धाकदपटशा आणि तोडफोड यांसाठी आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. साहेब रोज पाणउतारा करतात म्हणून त्याखाली पोलीस ठाण्यात गेलेली सिस्टर माझ्या पाहण्यात नाही. 2013 चा कायदा लैंगिक छळाचा. बाकी रोजच्या अपमानासाठी वेगळा कायदा नाही. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही.

उरते कार्यालयीन तक्रार. ती द्यायची वरिष्ठांकडे, आणि तिच्या कामाचा वर्षाचा अहवाल लिहिणारेही बहुतेक वेळा तेच. कंत्राटी मुलीचं तर आणखी अवघड, तिचा करार दरवर्षी नव्याने होतो आणि त्यासाठी शिफारस लागते. माझ्या एका ठिकाणी तक्रारपेटी होती, अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, दाराला लागूनच. किल्ली तिच्याच ड्रॉवरमध्ये.