सीईटीचा पेपर कोरा ठेवायला सांगणारा हा मेसेज पुढे पाठवू नका

‘मावशी, या वेळी एकही उत्तर ठोकून दिलं नाही. गणिताचे २० प्रश्न सरळ सोडून दिले,’ सराव परीक्षेनंतर भाची मोठ्या समाधानाने सांगत होती. का सोडलेस म्हटलं, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी ‘९९ पर्सेंटाइलची गुरुकिल्ली’ तिने मनावर घेतली होती. त्यात पहिलंच वाक्य आहे: ‘शंका असेल तर प्रश्न सोडा, निगेटिव्ह मार्किंग सगळं खातं.’

अहो, एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीच! ते नीटला आणि जेईईला. सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तरी २० प्रश्नांत सरासरी ५ बरोबर येतात, म्हणजे १० गुण. कोऱ्या जागेला शून्य. ज्याने हे लिहिलं, त्याने परीक्षेचं माहितीपत्रकसुद्धा उघडलेलं नाही.

दुसरा सल्ला याहून घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो: ‘पुस्तक १५ वेळा वाचा. तोवर पेपर सोडवू नका, आत्मविश्वास जातो.’ पुस्तक महत्त्वाचं हे मान्य. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरच असते. पण १५ वेळा? रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्याने तीन-चार वेळा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात जास्त राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! प्रयोग उताऱ्यांवरचा आहे, गणितावरचा नाही, हे खरं. पण गणित तर नुसतं वाचून कुणालाच येत नाही. सराव पेपरात गेलेला आत्मविश्वास भरून काढता येतो. परीक्षेच्या हॉलमध्ये गेला, तर काय करणार?

‘अकरावी विसरा’ म्हणे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, २०० पैकी जवळपास ४० गुण.

‘शेवटचे दोन महिने चार तास झोप.’ सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. यावर वाद घालायचीही माझी इच्छा नाही.

भाचीला सांगितलंय, रविवारी जुना पेपर घे. घड्याळ लाव. फिजिक्स-केमिस्ट्रीला ९० मिनिटं, मग गणिताला ९०. शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक पर्याय निवडून टाक. चुकलेले प्रश्न घेऊन संध्याकाळी माझ्याकडे ये, एकेक करून बघू.