रीस्टार्ट म्हटलं की लटकलाच!

डोकं फिरलंय आज. लॅपटॉप बंद नीट होतो, चालू नीट होतो, लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकलेली मोफत सिस्टीम) दिवसभर काम बिनबोभाट चालतं. फक्त रीस्टार्ट दाबलं की संपलं! स्क्रीन काळी, पंखा घरघर करून राहिला, आणि पुढे काहीच नाही. मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दर अपडेटला हेच. रात्री अपडेट लावून झोपलं की सकाळपर्यंत तो तसाच तापत पडलेला. नागपूरचा मे महिना, पारा ४५ वर, कूलरसमोर ठेवला तरी कीबोर्डला हात लाववत नाही.

बर्डीच्या बाजारात एका दुकानात नेला. झाकण उघडायचीही तसदी नाही, थेट निकाल : "भाऊ, काहून जुन्या डब्यावर पैसे घालून राहिले? विंडोज टाका, नाहीतर नवीन घ्या." कोणतं विंडोज टाकू? १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ च्या यादीत माझा प्रोसेसरच नाही. धडधाकट मशीन भंगारात घालू?

शेवटी स्वतःच बसलो. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, त्याच्या सेटिंगमधून 'क्वाएट स्प्लॅश' काढलं, म्हणजे लोगोच्या मागे काय चाललंय ते दिसतं. एखादी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) बंद होत नसती तर 'स्टॉप जॉब' म्हणून दीड मिनिटापर्यंतची मोजणी दिसली असती. तसं काही नाही. सगळ्या सर्व्हिसेस बंद, डिस्क अनमाउंट, आणि शेवटची ओळ 'रीबूट : रीस्टार्टिंग सिस्टीम'. तिथेच गाडी थांबलेली. म्हणजे लिनक्सने आपलं काम चोख केलं होतं! मशीन रीसेट कशी करायची हे बायोसमधलं (कंपनीने मशीनमध्येच भरलेला मूळ प्रोग्राम) एसीपीआय नावाचं टेबल सांगतं, कर्नल आधी त्यावरच विश्वास ठेवतो, आणि कंपनीने तिथे जे लिहून ठेवलंय ते चालतच नाही.

संताप याचाच आहे. विंडोजवर चाललं की यांचं काम झालं. कस्टमर केअर म्हणतं, "लिनक्स आम्ही सपोर्ट करत नाही." अरे, बायोस तर तुमचाच आहे ना? साइटवर एक बायोस अपडेट पडलंय, तेही ईएक्सई, विंडोजशिवाय उघडत नाही! आणि असल्या बिघडलेल्या मॉडेल्सची अख्खी यादी कर्नलच्या कोडमध्ये आहे, कुठल्या मशीनला कुठली पद्धत लागते ते नावानिशी. कंपन्यांनी केलेली घाण दुसऱ्यांनी निस्तरायची. माझं मॉडेल त्या यादीत नाही.

ग्रबच्या त्याच ओळीत 'रीबूट=पीसीआय' (reboot=pci) लिहिलं, म्हणजे ते टेबल सोड आणि दुसऱ्या पद्धतीने रीसेट कर, मग 'अपडेट-ग्रब' ही कमांड चालवली, आणि रीस्टार्ट झाला. एवढंसं होतं! तुमच्याकडे पीसीआयने नाही जमलं तर त्या जागी 'ईएफआय' (efi) किंवा 'केबीडी' (kbd) या पद्धती घालून बघा. पण एवढ्यासाठी लोकांना नवीन लॅपटॉप घ्यायला लावून राहिले, याची जरा तरी लाज वाटू द्या.