‘समजण्यासारखं काही नसतं’ म्हणे!

सायकोसिस म्हणजे भ्रम होणं, नसलेले आवाज ऐकू येणं अशी वास्तवाशी नातं सुटल्याची अवस्था. तिच्याबद्दलचा हा मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल: ‘सायकोसिस म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा घोटाळा. पेशंटच्या बोलण्यात समजण्यासारखं काही नसतं. ऐकत बसलात तर भ्रम पक्का होतो. गोळ्या द्या, विषय संपवा.’

समजण्यासारखं काही नसतं? हे मत जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सने १९१३ मध्येच मांडलंय, आणि बऱ्याच विचारांती. खरा भ्रम समजुतीच्या पलीकडचा, असं तो म्हणे. पण पेशंटला नेमकं काय जाणवतं ते आधी नीट टिपा, असा आग्रहही त्याचाच. मानसोपचारातली फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे पेशंटचा अनुभव जसाच्या तसा टिपण्याची पद्धत, तिथूनच सुरू झाली. पुढे १९५८ मध्ये क्लाउस कोनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने अशाच वर्णनांतून दाखवलं की भ्रम आभाळातून पडत नाही. आधी नुसता ताण असतो. काहीतरी घडणार आहे, सगळं बदललंय, पण काय ते सांगता येत नाही. नटाला रंगमंचावर जाण्याआधी सुटणाऱ्या थरथरीचं नाव, ‘ट्रेमा’, त्याने या अवस्थेला दिलं. मग एका क्षणी ‘माझ्यावर पाळत आहे’ हे उत्तर सापडतं आणि सगळं जुळतं. उत्तर चुकीचंच. पण आधीची ती टांगती अवस्था लक्षात घेतली, तर माणूस ते का सोडत नाही आणि पुरावे देऊन आपण का हरतो, हे उमगायला लागतं.

ऐकलं की भ्रम पक्का होतो? ऐकणं वेगळं, माना डोलावणं वेगळं. ‘मला तो आवाज येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय’ यात खोटं काय आहे? नेदरलँड्समध्ये १९८७ साली मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोमे यांनी टीव्हीवरून आवाज ऐकू येणाऱ्यांना साद घातली, तेव्हा शेकडो लोकांनी संपर्क साधला. त्यांतले कित्येक त्या आवाजांसह व्यवस्थित जगत होते.

(उलट टोकाचा सल्लाही मला पटत नाही: ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवा.’ मी तिथे माझं शाबूत जग घेऊनच जाणार ना! माझे विचार माझेच आहेत, हे मला कधी तपासावं लागलेलं नाही. त्याची नेमकी तीच खात्री हललेली असू शकते. म्हणून ‘कळतंय रे मला’ म्हणायची घाई नको. ‘अजून सांग’ म्हणावं.)

राहिल्या गोळ्या. त्या लागतात, अनेकांना त्यांनी उतार पडतो, आणि आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं. पण विषय कसा संपेल? आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगू लागला, तर पेशंट ते कुणापाशी बोलेल? मागच्या वेळी ज्याने विषय संपवला, त्याच्यापाशी तर नाहीच.